परवानगी क्रमांकाची रिकामी जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे (सकाळी ८.४०)

आजपासून रोजनिशी. नियम तीन. रोज पहाटे पाचला उठणे. खोटं न लिहिणे. कोणाला न दाखवणे. पहिला नियम उद्यापासून.

मोठा शोध लागलाय. मोबाइलवर ते ‘तारीख सांगा’ नावाचं पान आहे ना, सगळं शहर बघतं ते. त्यावर रोज सकाळी एकच ओळ येते. आजची: ‘आज दिवस २२०६. निवडणुकीची तारीख सांगा.’ बस, एवढंच. नगरपालिकेची मुदत संपून सहा वर्षं झाली, निवडणूक नाही. प्रशासक म्हणून एक गृहस्थ खुर्चीत बसले ते उठायचं नाव घेत नाहीत. गटार तुंबलं तर भांडायला नगरसेवक नाही. लोकांची भांडायची सवयच मोडली. पान कोण चालवतं, कोणालाच माहीत नाही.

मला आज कळलं. पानाच्या गोल चित्रातला ‘ता’ माझा आहे! चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, स्वतःच्या हातचा ‘ता’ ओळखणार नाही तर काय? माझ्या जुन्या नमुन्यांच्या वहीतून उचललाय. ती वही माळ्यावर, आणि या घरात माळ्यावर चढते फक्त चिमणी.

चिमणी म्हणजे माझी नात. वय चोवीस. मुलगा-सून दूर गावी नोकरीला, ही आमच्यापाशी. नगरपालिकेच्या दवाखान्यात, लॅबमध्ये रक्त तपासते. विचारलं तर आधी म्हणाली, कसला ता? मग म्हणाली, आजोबा, हळू बोला. मग उठून दार लावलं आणि सगळं कबूल केलं.

एक्केचाळीस हजार माणसं! माझ्या अक्षराच्या मागे!

कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. दवाखान्यात ती अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, चार वर्षं झाली. मार्चमध्ये कायम होणाऱ्यांची यादी लागणार आणि त्या यादीवर सही त्याच प्रशासकाची. नाव फुटलं की नोकरी गेली. मी म्हटलं, अगं, माझ्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेली घागर.

हिला तेवढं सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. ही म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि विहिरीत पडलेली घागर गळ टाकला की वर येते, तेवढं ध्यानात असू द्या.

७ फेब्रुवारी, शनिवार. ९.१५

पाचला उठलो होतो. अंधार होता. परत झोपलो.

चिमणीने मला त्यांच्या ग्रूपमध्ये घेतलं. चार दिवस मागे लागावं लागलं. एकतीस मुलंमुली, मी बत्तिसावा. म्हणाली, आजोबा, तुम्ही फक्त वाचायचं. म्हणजे सल्लागार. पदाचं नाव तिने उच्चारलं नाही, पण अर्थ तोच.

दुपारपर्यंत बोलून चौदा निरोप पाठवले. तीन निरोपांत नुसता पंखा ऐकू येतो असं कोणीतरी कळवलं. बाकी अकरा पोचले असणार. संध्याकाळी पोरांनी माझा हात वर केलेला फोटो कापून त्याचं स्टिकर केलं. खाली लिहिलंय: ‘थांबा, मला बोलू द्या.’ आता दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी ते टाकतं. एका दिवसात एवढा मान! वस्तादांकडे मला ब्रश धुवायला मिळायला दोन वर्षं लागली होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गुडघा. चालायला गेलो नाही. मन खट्टू.

खट्टू गुडघ्यामुळे नाही. पोरांची पोस्टर बघितली म्हणून. काळ्यावर पांढरं, मध्ये एक ओळ. खाली नाव नाही, गाव नाही, संपर्क नाही. वस्ताद म्हणायचे, ज्या पाटीखाली नाव नाही ती पाटी म्हणजे तोंडाला फडकं बांधून दारात उभा राहिलेला माणूस. कोण विश्वास ठेवील? माझ्या प्रत्येक पाटीला उजवीकडे खाली माझी सही, डावीकडे खाली नगरपालिकेचा परवानगी क्रमांक. त्याशिवाय ब्रश खाली ठेवला नाही. निवडणुकीत भिंती रंगवायचो तेव्हाही. सकाळी या पक्षाची भिंत, दुपारी समोरच्याची. पण दोन्हींवर क्रमांक.

(सहा वर्षांत एक भिंत नाही. पण मी निवडणूक मागतोय ती भिंतींसाठी नाही. तत्त्वासाठी. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढे वाद नको.)

ग्रूपवर हे सगळं समजावलं. स्टिकर आलं. सात वेळा.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

आमच्या घरी बैठक! पाच जण. नावं मुद्दाम सांगत नाहीत, एकमेकांना टोपणनावांनीच हाका. एक दाढी. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, व्हिडिओ तोच जोडतो. एक स्कूटी, ती औषधं घरपोच करते, सगळ्या गल्ल्या तिला पाठ. ती बोलतच नाही. दोघी नर्सिंगच्या विद्यार्थिनी. आणि चिमणी.

बेत असा. रविवार, १ मार्च, सकाळी दहा. पाण्याच्या टाकीखालचं मैदान. घोषणा नाहीत, भाषण नाही, पुढारी नाही. प्रत्येकाने एक कागद हातात धरून उभं राहायचं: ‘तारीख सांगा.’ बरोबर एक तास, मग घरी. जागा पानावर जाहीर करायची फक्त तासभर आधी, नऊला. तोवर ती या खोलीबाहेर जाता कामा नये. दाढी म्हणाला, तासाभरात पाच हजार माणूस आलं तर त्यांना मैदान बंद करायलाही वेळ मिळणार नाही.

पोरं हुशार आहेत. कच्ची आहेत, पण हुशार.

मी चाळीस मिनिटं मार्गदर्शन केलं. दाढी डोळे मिटून ऐकत होता, इतका एकाग्र की कपातला चहा शर्टवर सांडला तरी कळलं नाही. शेवटी चिमणी म्हणाली, आजोबा, तुमच्यासारखं अक्षर कोणाचं नाही, तर तीनशे कागद तुम्ही ब्रशने लिहा. मी म्हटलं, तीनशेच? ही आतून म्हणाली, आधी मागच्या दाराच्या कडीला रंग लावा, दोन वर्षं सांगतेय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कागद लिहून झाले: नऊ. रंग दाट होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कागद: चौदा. रंग पातळ होता.

चिमणी कामावरून आली, शेजारी बसली. कागद वाळत घालायला दोरी बांधून दिली. म्हणाली, आजोबा, खरं सांगू, मला भीती वाटते. मी म्हटलं, मी आहे ना! ती हसली. मग म्हणाली, यादीत नाव लागलं तर पहिल्या पगारात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन. मी म्हटलं, डोळ्याला काय धाड भरलीय? ती म्हणाली, हे चौदापैकी दोन कागद उलटे लिहिलेत तुम्ही.

पोरीने किती करावं! लॅबमध्ये आठ तास, घरी आल्यावर पान, बैठका, आजीला गोळ्या. आणि नाव कुठेच नाही. मनाला लागलं. कामाचं चीज व्हायला नको?

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

कल्पना सुचली आणि काल दिवसभरात तडीसही नेली. म्हातारा झालो तरी हात अजून सोन्याचा आहे.

अडीच फुटी पुठ्ठा. पिवळी जमीन, निळं अक्षर, लाल छाया. वर ‘तारीख सांगा’. खाली ‘नागरिकांची शांततापूर्ण सभा’. मग दिवस, वेळ, स्थळ: पाण्याच्या टाकीखालचं मैदान. मग ‘संयोजक’, आणि चिमणीचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, ठळक. त्याखाली हुद्दा: प्रयोगशाळा तंत्रज्ञ (कंत्राटी). मग दाढीचं खरं नाव आणि दुकानाचा फोन नंबर. त्याच्या दुकानाची पाटी मीच रंगवलेली, नंबर पाठ होता. उजवीकडे खाली माझी सही.

यादीवर सही करणारा माणूस शेवटी माणूसच ना? हे बघून म्हणेल, अरे, ही पोरगी एवढं शहर उभं करते आणि आपण हिला अकरा महिन्यांवर ठेवलीय! ऐरणीवर ठेवल्याशिवाय लोखंडाची किंमत कळत नाही.

पोरांना आत्ता दाखवणार नाही. त्या दिवशी सकाळी मैदानावरच उभा करणार. आश्चर्याचा धक्का.

फक्त डावीकडे खाली जागा रिकामी. परवानगी क्रमांक. तेवढ्यासाठी हेडक्लार्ककडे गेलो. माझा बागेतल्या बाकावरचा मित्र. नगरपालिकेत बत्तीस वर्षं, निवृत्त होऊन आठ. माझ्या हजार पाट्यांना याच माणसाने क्रमांक दिला. पाटीचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवला. म्हटलं, हे आपल्या दोघांत. तो म्हणाला, अरे, मी काय आजचा आहे?

बघून त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, आठ वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे कागद आणला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हेडक्लार्कने कमाल केली. कोणावर सोपवलं नाही, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेला. फोटोची मोठी प्रत काढली, वर शेरा मारला, ‘माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’, आणि आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला. म्हणाला, बत्तीस वर्षांत एक कागद दाबून ठेवला नाही, आता कसा ठेवीन? दुपारीच प्रशासकांच्या टेबलावर गेला म्हणे. त्यांनी पूर्ण वाचला. दोनदा.

दोनदा! चांगलं अक्षर माणूस दोनदा वाचतोच.

कागद: बावीस.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शुभवार्ता! आंदोलन व्हायच्या आधीच नगरपालिका हलली. टाकीखालच्या मैदानात सकाळपासून खोदकाम. सहा वर्षांत तिथे कुदळ लागली नव्हती. चारी बाजूंनी चर, मध्ये खडीचे ढिगारे, वर पाटी: ‘काम चालू, प्रवेश बंद’. (पाटी प्लास्टिकवर छापलेली. ‘प्रवेश’चा रकार तिरका. असो.)

मी ग्रूपवर अभिनंदन लिहिलं. कोणी स्टिकर टाकलं नाही.

चिमणी जेवली नाही. म्हणाली, आजोबा, मैदानाचं त्यांना कळलंय. मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, हा योगायोग जेसीबी घेऊन आलाय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.३०

दाढीच्या दुकानाला सील. आग विझवायचं यंत्र नाही म्हणून. त्या गल्लीत चाळीस दुकानं आहेत, यंत्र एकाकडेही नाही, सील याला.

म्हणजे कोणीतरी फितूर आहे. घरभेदी. मी तपास हाती घेतला. खोलीत बैठकीला कोण कोण होतं? दाढी? त्याचंच दुकान गेलं. नर्सिंगच्या दोघी? त्या काल ग्रूप सोडून गेल्या, कॉलेजातून बोलावणं आलं म्हणे. चिमणी? छे. हेडक्लार्क या हिशेबात येत नाही, तो ऑफिसचा माणूस. उरली स्कूटी. बोलत नाही. दारोदार फिरते. सगळ्या गल्ल्या पाठ. शिवाय त्या दिवशी चहा अर्धा ठेवला.

सगळं स्पष्ट झालं. ग्रूपवर लिहिलं: जी व्यक्ती कमी बोलते तिच्याकडे सगळ्यांनी जरा लक्ष द्यावं. नाव घेतलं नाही. मी काही कोणाचं वाईट चिंतणारा माणूस नाही.

संध्याकाळी ६. स्कूटी ग्रूपमधून गेली. जाताना एवढंच लिहिलं: ‘मी आठ महिने दिलेत.’ खाई त्याला खवखवे. पण ‘आठ महिने’ वाचून कसंतरीच झालं. पित्त असावं. ही म्हणाली, पित्त नाही ते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. नियम दोन आहे म्हणून लिहितो.

चिमणीला दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर एक कागद होता. तिने त्याची प्रत मागून घेतली आणि घरी आणून माझ्यापुढे ठेवली. पिवळी जमीन, निळं अक्षर, लाल छाया. डावीकडे खालची रिकामी जागा भरलेली होती. शाईने: ‘परवानगी नाकारली. संबंधितांची चौकशी करावी.’

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी उत्तर तयार केलं असतं. तिने विचारलं, दाढीचा नंबर कसा आठवला हो तुम्हाला? आपल्या घरचा नंबर तर रोज मला विचारता.

मी म्हटलं, तुझं चांगलं व्हावं म्हणून. ती म्हणाली, माहीत आहे. आणि आत जाऊन आजीच्या गोळ्या काढून ठेवल्या, सोमवारपर्यंतच्या.

संध्याकाळी हिने मागच्या दाराच्या कडीला स्वतः रंग लावला.

१ मार्च, रविवार. दुपारी १

चिमणीने सकाळी नऊला पानावर लिहिलं: ‘मैदान बंद आहे. ज्याला यायचं आहे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर यावं. आम्ही येणार.’

मी कागद घेऊन गेलो. एकूण एकोणसाठ झाले होते.

गर्दी भरपूर होती. मोजून सत्तर तरी. पण मैदानात जाता येईना, चर आणि शिपाई. म्हणून सगळे समोरच्या बस स्टॉपवर उभे. बसची वाट बघत असल्यासारखे. कोणाच्या हातात कागद दिसेना. घड्या करून खिशात ठेवले असावेत. शिपाई बघत होते, लोक रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. तेवढ्यात बस खरोखरच आली. कंडक्टर ओरडला, चला, चढा लवकर! एक जण चढला. मग त्याच्यामागे दुसरा. कुठे जाते ती बस हेही कोणी विचारलं नाही. सीटा भरल्या, दांड्याला लटकले. बस गेली तेव्हा स्टॉपवर आम्ही सहा जण.

चिमणी पलीकडे एकटी उभी होती, लॅबचा पांढरा कोट हातावर घेऊन. रविवारची ड्यूटी होती. तिने कागद उघडला, छातीशी धरला. शिपाई आला, काहीतरी म्हणाला. तिने कागदाची घडी केली आणि कामावर गेली.

मी माझे कागद पिशवीबाहेर काढलेच नाहीत. वारा फार होता.

३ मार्च, मंगळवार

ग्रूप आज नीट वाचला. चिमणीने परवाच लिहिलंय: ‘मैदानाची जागा माझ्याकडून फुटली. कागद मी उघड्यावर टाकला. स्कूटीचा, दाढीचा, कोणाचाही यात दोष नाही.’

माझं नाव नाही!

खाली पोरांनी काय काय लिहिलंय. एक म्हणतो, कायम व्हायची यादी जवळ आली होती ना, म्हणून विकलंस का? दुसरी म्हणते, आम्ही बिनचेहऱ्याचे राहिलो आणि तू स्वतःचा चेहरा वाचवलास.

मी चिमणीला म्हटलं, अगं, खरं सांग त्यांना. ती म्हणाली, काय सांगू? माझ्या आजोबांनी केलं? तुमच्या तोंडावर स्टिकर टाकत होती ती पोरं, आता थुंकतील. मला नाही बघवणार.

ठरलं. मी स्वतः लिहिणार. सगळं, स्वच्छ, ग्रूपवर. आजच. पोरीचं नाव तिच्या मित्रांत परत उजळलं पाहिजे, नोकरीचं नंतर बघू.

संध्याकाळी ५. आज नको. अशी गोष्ट घाईत लिहायची नसते. ग्रूपमध्ये सदस्य: बावीस.

४ मार्च, बुधवार

मजकुराला सुरुवात. ‘प्रिय तरुण मित्रांनो.’ पुढे अडलं. ‘मित्रांनो’ म्हणायचा हक्क आहे का? खोडलं. ‘बाळांनो’. तेही खोडलं. मोबाइलची बटणं फार बारीक. आधी कागदावर लिहून काढावं हे बरं. चांगला कागद आणायला हवा.

सदस्य: सतरा.

६ मार्च, शुक्रवार

मजकूर एक पान झालाय. माफीचा भाग शेवटी आलाय. आधी वस्ताद, पाटीची परंपरा, माझा हेतू. हेतू कळल्याशिवाय चूक कशी कळेल?

चष्म्याची काडी तुटली. उद्या.

सदस्य: अकरा. चिमणी संध्याकाळी दाढीच्या दुकानावर गेली होती. सील उघडायचा अर्ज तिने लिहून दिला. त्याने अर्ज घेतला. आत ये म्हणाला नाही.

८ मार्च, रविवार

मजकूर हेडक्लार्कला दाखवला. तो काही घाईगडबडीचा माणूस नाही. म्हणाला, संदर्भ क्रमांक टाक, विषय टाक, आणि ‘चूक’ शब्द काढ, ‘अनवधान’ घाल; चूक म्हटलं की जबाबदारी येते. मी त्याला विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तो बराच वेळ बाकाच्या लाकडाचा पोपडा काढत बसला. म्हणाला, नियमाने गेलं रे सगळं. मग म्हणाला, माझी नात माझ्याशी फोनवर बोलत नाही, तिला कुठून कळलं कोण जाणे.

दुपारी ‘अनवधान’ घातला. वाचून बघितला. ‘चूक’ परत घातला. पान फाटलं. उद्या नवं.

सदस्य: सात.

१० मार्च, मंगळवार

यादी लागली. चिमणीचं नाव नाही. शिवाय करार संपला, पुढचा नाही. चार वर्षं. लॅबमधल्या शिपायाने म्हणे तिचा मग पेपरात गुंडाळून दिला, निघताना.

आणखी एक बातमी. प्रशासकांना एक वर्षाची मुदतवाढ. पानावर आजची ओळ आली नाही. मी दुपारपर्यंत दहा वेळा उघडून बघितलं. शेवटी चिमणीला विचारलं, आज दिवस कितवा? ती म्हणाली, तुम्हीच मोजा.

आज पाठवणारच होतो. पण घरात असं वातावरण असताना आपलंच काय घेऊन बसायचं?

सदस्य: पाच.

१२ मार्च, गुरुवार. सकाळी १०

चिमणी आज गेली, आईबापाकडे. तिकडे एका खासगी लॅबमध्ये बघू म्हणाली. एक बॅग, एक मग. पाया पडली. मी म्हटलं, रागावू नकोस गं. ती म्हणाली, आजोबा, रागावता आलं असतं तर मी इथेच राहिले असते.

याचा अर्थ मी सकाळपासून लावतोय. हिला विचारला. ही म्हणाली, लावू नका.

मजकूर आता अगदी तयार. तीन ओळींचा उरला. वस्ताद काढले, परंपरा काढली, हेतू काढला. उद्या सकाळी पाठवतो. आज तिच्या बसची वेळ, तिला प्रवासात त्रास नको.

१३ मार्च, शुक्रवार. पहाटे ५.००

उठलो. पाचलाच. झोपच नव्हती.

मोबाइल हातात घेतला. एकेक अक्षर बघून टाइप केलं:

‘मैदानाची जागा आणि दोघांची नावं पाटीवर लिहून नगरपालिकेत मी पोचवली. स्कूटीवर खोटा संशय मी घेतला. माझ्या नातीने काहीही केलेलं नाही.’

खाली सही केली. पाठवलं. गेलं.

वाट बघत बसलो. दुधाच्या गाडीचा आवाज आला, गेला. ही उठली, चहा ठेवला. कोणी वाचलं का बघायला वरच्या नावावर बोट ठेवलं.

मजकुराच्या वर बारीक ओळी होत्या, काल दिवसभरातल्या. अमका बाहेर पडला. तमकी बाहेर पडली. दाढी बाहेर पडला. सगळ्यात शेवटी, दुपारी १२.२०, म्हणजे बसमधूनच, चिमणी. तिच्याखाली मोबाइलने आपणहून लिहिलेली एक ओळ: ‘आता तुम्ही ॲडमिन आहात.’

सदस्य: एक.